पळस फुलला का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला मुळीच सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढे हातात पुस्तकापेक्षा लाटणेच अधिक राहिले. मंडळाच्या कार्यक्रमात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि पन्हे गाळणे. यंदा मात्र चिटणीसबाईंनी माझे नाव परस्पर वहीत लिहून टाकले. विषय कोणता म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षे बायकांना पहाटे उठवून रानात नेता ना, त्यावरच बोला." तेव्हा जे घडले तेच सांगते. भाषणासारखे झाले नाही तर गप्पा समजून गोड मानून घ्यावे.

समोर चैत्रगौर बसली आहे. तिच्यापुढे कैरीची डाळ आहे, पन्हे आहे, भिजवलेले हरभरे आहेत, मोगऱ्याचे गजरे आहेत. दारात चैत्रांगण काढले आहे. पाडव्याला आपण कडुलिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा गुळाबरोबर खाल्ला. म्हणजे पाहा, वसंत ऋतू आपल्या वाडवडिलांनी कसा घरात आणून ठेवला आहे! पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. डाळीसाठी कैरी आपण बाजारातून आणतो, तिचा भाव करतो, आंबट आहे की नाही ते विचारतो. पण आंब्याला मोहोर केव्हा आला, तो किती गळला, कैरी केव्हा धरली, हे पाहायला आपण मान वर करीत नाही. वसंत आपण पाटावर मांडतो, पण त्याच्या घरी मात्र कधी जात नाही.

माझे माहेर घाटावरचे. लग्न होऊन पालघरला आले त्याला वीस वर्षांच्या वर झाली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे आणि तिच्यातून काळदुर्ग दिसतो, तो माथ्यावर चौकोनी कातळ असलेला डोंगर. इतकी वर्षे तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी कधी त्याच्याकडे पाहिले असे म्हणवत नाही. त्यावर ढग आले का, कपडे बाहेर वाळत घालायचे की आत, एवढ्यापुरतीच आमची ओळख.

माझ्या सासूबाईंचे माहेर त्या डोंगरापलीकडचे, मनोरच्या बाजूचे. त्या शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, ते पुन्हा काही धरले नाही. त्यांची खाट आम्ही मागच्या दाराशी, परसाकडे तोंड करून ठेवली होती. फाल्गुन लागला की त्या मला विचारीत, "पळस फुलला का गो?" माझे हात कणकेत. मी म्हणे, "फुलला असेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एकदा ह्यांची पहाटेची पाळी होती, डबा व्हायचा होता, गॅस संपत आला होता, आणि तेवढ्यात त्यांनी तेच विचारले. माझ्या तोंडून निघून गेले, "पळस फुलला काय आणि न फुलला काय, आपल्याला काय करायचे आहे त्याचे?"

त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. पुन्हा त्यांनी विचारले नाही.

चार दिवसांनी माझा मुलगा मनोरहून येताना पळसाची एक डहाळी घेऊन आला. आजीचा प्रश्न त्याने ऐकला होता. सासूबाईंनी ती डहाळी हातात धरली आणि इतके दिवस न बोललेल्या बाई बोलू लागल्या. पळसाला फूल येते तेव्हा अंगावर पान नसते, फुलाला वास नसतो तरी पाखरांची झुंबड उडते, कारण फुलात मध असतो. फुले पाण्यात उकळली की केशरी रंग उतरतो, तोच त्या रंगपंचमीला खेळत. पाने आली की बायका पत्रावळी लावीत. संध्याकाळपर्यंत फुले मलूल झाली, पण मला त्यांनी ती टाकू दिली नाहीत. त्याच वर्षी आषाढात त्या गेल्या.

पुढच्या फाल्गुनात घरात विचारणारे कोणी उरले नाही, आणि मला मात्र रोज सकाळी तो प्रश्न ऐकू येऊ लागला. एका रविवारी मी ह्यांना म्हटले, "मला वाघोबाच्या खिंडीत जायचे आहे." हे म्हणाले, "का? नवस बोललीस का काही?" मी म्हटले, "नवस नाही. पळस पाहायचा आहे." हे थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मुकाट्याने स्कूटर बाहेर काढली.

मैत्रिणींनो, ह्या एका प्रश्नात आपली सगळी कथा आहे. आपण बाहेर पडतो तेव्हा काही तरी निमित्त लागते. नवस, लग्न, बारसे, दवाखाना, मयत, बाजार, मुलांची शाळा. महालक्ष्मीच्या यात्रेला आपण जातो, कारण तिथे ओटी भरायची असते. चैत्री पौर्णिमेला ती यात्रा सुरू होते, भर वसंतात. पण सभोवतालचे रान पाहून आले असे कोणी सांगत नाही, गर्दी किती होती तेवढेच सांगते. नुसते पाहण्यासाठी, आपल्या मनासाठी म्हणून घराबाहेर पाऊल टाकणे हे आपल्याला चोरीसारखे वाटते. ते चोरीचे नाही, एवढेच सांगायला मी आज उभी आहे.

त्या सकाळी खिंडीत पोचलो. पालघरहून मनोरच्या रस्त्याला अर्धा तासही लागत नाही. वाघोबाच्या देवळाशी येणारीजाणारी माणसे थांबतात, नारळ ठेवतात. माकडे टपलेली असतात. देवळामागचा उतार आणि आजूबाजूचे रान वाळून करडे झाले होते, आणि त्यात मधूनमधून पळस असा पेटला होता की माझा पाय पुढे टाकवेना. इतक्या जवळ! रिक्षा केली असती, मागे उशी लावली असती, तर सासूबाईंना आणता आले असते. डॉक्टरांना विचारले तरी असते. विचारलेच नाही, कारण ते सुचलेच नाही. ती रुखरुख मला जन्मभर राहील. तुम्हाला राहू नये म्हणून सांगते.

आता परसदाराविषयी. सगळ्यांनाच डोंगरावर जाणे जमत नाही, आणि जाण्याची गरजही नाही. सासूबाईंच्या खाटेपाशी बसून त्यांना भरवताना मी जे पाहिले, ते आधीच्या अठरा वर्षांत पाहिले नव्हते. आमच्या परसात एक आंबा, एक शेवगा, एक कडुलिंब, जास्वंदीची दोन झाडे आणि धुण्याचा दगड, एवढीच संपत्ती. जास्वंदीवर शिंजीर येई, अंगठ्याएवढे पाखरू. मादीने कोळ्याची जाळी, वाळली पाने आणि काटक्या जमवून दोरीच्या टोकाशी पिशवीसारखे घरटे विणले. ती दोरी माझी कपडे वाळत घालायची! सासूबाईंनी बजावले, "महिनाभर ह्या दोरीला हात लावायचा नाही." मी चादरी गच्चीवर नेल्या. पिले उडाली त्या दिवशी त्या लहान मुलासारख्या हसल्या.

त्यांनीच मला आवाज ओळखायला शिकवले. दुपारच्या उन्हात भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक आवाज येतो, तो तांबट. पहाटे शीळ घालतो तो दयाळ. कुहू-कुहू ओरडतो तो कोकीळ नर असतो, काळा कुळकुळीत; मादी ठिपक्यांची असते आणि ती तसे गात नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. आपण मात्र गाण्यांत कोकिळेलाच गायला लावतो.

माझी नणंद बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहते. ती म्हणते, "वहिनी, तुम्हाला परस आहे, आम्ही काय पाहायचे?" तिचेही खरे. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसर पाहता पाहता शहर झाले. त्याच कारखान्यांवर आमच्यासारखी घरे चालतात, तेव्हा त्याला नावे ठेवणार नाही. पण गॅलरीतही चार कुंड्या राहतात. तिने एका फुटक्या बादलीत मोगरा लावला, एका कुंडीत तुळस, आणि बुलबुलांसाठी पाण्याचे खापर ठेवले. खापर उथळ असावे, सावलीत असावे आणि पाणी रोज बदलावे, नाही तर डास होतात. आता ती सकाळचा चहा गॅलरीत घेते. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी विचारले, "बाहेर काय आहे?" आता तेही खुर्ची घेऊन शेजारी बसतात.

दुसरे, आपल्याकडचा वसंत पंचांग पाहून लावता येतो. माघ संपतासंपता काटेसावर आणि पांगारा फुलतो. फाल्गुनात पळस. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो, कुसुंबाला अशी लाल पालवी येते की लांबून ती फुलेच वाटावी. करंज झडतो आणि लगेच पोपटी होतो. सावरीची बोंडे फुटून कापूस उडू लागतो. चैत्र-वैशाखात बहावा पिवळा लोंबतो, कुडा पांढरा होतो. मग करवंदे, ताडगोळे, जांभळे. आपल्या बहाडोलीच्या जांभळाला आणि घोलवडच्या चिकूला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? दुर्गाबाई भागवतांनी मुंबईत राहून बारा महिन्यांवर 'ऋतुचक्र' हे पुस्तक लिहिले, ते १९५६ साली निघाले. वाचनालयातून आणून मी ते वाचले. सगळेच कळले असे नाही, पण एवढे कळले की ह्या बाई झाडांकडे आपल्या माणसांसारख्या पाहत होत्या.

आणि दुर्गाबाईंपर्यंत तरी कशाला जायला हवे? आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होऊन गेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पाने, बिया, शंख-शिंपले हेच मुलांचे खेळणे आणि हेच मोजायचे मणी. नातवंडांना मोबाईल हातात देण्याआधी आपणही हे करून पाहावे. गुंजा मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्या विषारी असतात.

खिंडीतून परत आल्यावर मी ही गोष्ट मंडळात सांगितली, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही सातजणी निघालो. पहिल्यांदा सोपे ठिकाण घेतले, शिरगावचा किनारा. तिथे समुद्रालगत जुना किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तारापूर, माहीम, केळवे, शिरगाव हा सगळा पट्टा पोर्तुगिजांकडून घेतला. पण आम्हा बायकांना किल्ल्यापेक्षा तिथल्या ताडांचे नवल वाटले. ताड म्हणजे एकच सरळ खोड. इथे मात्र ताडाला फांद्या फुटलेल्या! एक मैत्रीण म्हणाली, "ह्याने एकत्र कुटुंब मांडले आहे." त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की डबा खायचा राहिला.

नंतर केळव्याला गेलो, शीतलादेवीचे दर्शन घेतले आणि सुरूच्या बनात बसलो. सुरूतून वारा वाहतो तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो डोळे मिटून ऐकावा. बोईसरच्या बहिणींना चिंचणीचा किनारा जवळ आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून सुरू झाल्या आहेत, तेव्हा केळवे रोड असो, वाणगाव असो, सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेला घरी येता येते.

चैत्राच्या सुरुवातीला आम्ही खिंडीच्या पलीकडे मोह पाहायला गेलो. मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून अंधार असतानाच निघालो. झाडाखाली मोत्यांसारखी पिवळट फुले पसरली होती आणि गोड, थोडा आंबूस वास दाटला होता. एक वारली बाई आणि तिची मुलगी टोपलीत फुले वेचत होत्या. तिने विचारले, "तुम्ही काय वेचायला आलात?" मी म्हटले, "काही नाही, नुसते बघायला." ती हसली. तिच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण मला लाज वाटली. तिची ती मजुरी होती, आमची ती मौज. वाळवलेला मोह, पुढे त्याच्या बियांचे तेल, ह्यावर तिच्या घराचा किती तरी खर्च निघतो. तिने आम्हाला सांगितले की फांदी हलवायची नाही, झाड आपण होऊन देते तेवढेच घ्यायचे. आणि रात्री वटवाघळे येतात त्यांना हाकलायचे नाही, मोह त्यांचाही आहे. मी मग खाली बसले आणि उन्हे येईपर्यंत तिच्या टोपलीत फुले वेचली. आमच्यातल्या दोघीतिघी बसल्या. माझी कंबर दुखली, आणि तिची किती दुखत असेल ते कळले. तेव्हापासून करवंदांच्या द्रोणाचा आणि ताडगोळ्यांचा मी भाव करीत नाही.

काळदुर्गाचेही सांगते, कारण आमचे फोटो पाहून काहींचा असा समज झाला आहे की आम्ही मोठ्या पराक्रमी आहोत. पहिल्या वर्षी आम्ही अर्ध्यातूनच परतलो. एकीचे गुडघे, एकीची चप्पल आणि माझा श्वास. एका दगडावर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि उतरलो. काही बिघडले नाही. दुसऱ्या वर्षी माघातच गेलो, थंडी होती, बूट होते, आणि वर पोचलो. वरून खाली देवकोपचा तलाव, एका बाजूला सूर्या नदीचे खोरे, आणि दुसऱ्या बाजूला पालघरची घरे व पलीकडे समुद्राची पांढुरकी रेघ. त्या घरांत मी माझी खिडकी शोधीत होते. सापडली नाही, पण एवढ्या दिवसांनी कोणी तरी डोंगरावरून माझ्या स्वयंपाकघराकडे पाहिले, ह्याचे समाधान वाटले.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. फाल्गुनानंतर ऊन फार, तेव्हा उजाडताना निघावे आणि दहाच्या आत सावलीला यावे. दरडोई दोन बाटल्या पाणी, थोडे मीठ-साखर, डोक्याला सुती ओढणी. डोंगरावर एकटीने जाऊ नये. गावातला वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून चोख द्यावी. रान बिबट्याचे आणि सापांचेही घर आहे, म्हणून झाळीत हात घालू नये. किनाऱ्यावर भरतीची वेळ कोळणींना विचारावी, त्यांचे गणित चुकत नाही. वाळल्या गवतात काडी टाकू नये. एका काडीने डोंगर जळतो आणि पाखरांची घरटी जातात. फुले तोडू नयेत, पडलेली घ्यावीत. आणि प्लास्टिकच्या पिशव्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात.

शेवटी आपल्या नेहमीच्या शंका. स्वयंपाक कोण करील? आमच्याकडे त्या दिवशी हे आणि मुलगा पोहे करतात. पहिल्यांदा मोहरी जळली, आता जळत नाही. लोक काय म्हणतील? म्हणाले, महिनाभर म्हणाले. नंतर त्यांच्याच घरच्या दोघी आमच्याबरोबर आल्या. वेळ कुठे आहे? हे मात्र मी कोणाला शिकवणार नाही, कारण वेळ नसणे काय असते ते मला माहीत आहे. ज्या घरी म्हातारे माणूस आहे, तान्हे मूल आहे, त्या घरची बाई अर्धा दिवस काढू शकत नाही. तिने फक्त चहाचा कप घेऊन मागच्या दारी, नाही तर गॅलरीत दहा मिनिटे बसावे, आणि अंथरुणावर कोणी असेल तर त्याची खाट तेवढी उजेडाकडे वळवावी.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. दर वर्षी माघ ते चैत्र ह्या काळात महिन्याला एक सकाळ मंडळाने ह्यासाठी राखून ठेवावी आणि त्यातली एक सकाळ सासवांसाठी, आयांसाठी असावी. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीने खिंडीपर्यंत न्यावे, खुर्ची टाकून बसवावे, पन्हे द्यावे आणि पळस दाखवावा. त्यासाठी गाडीभाड्याची वर्गणी काढायची झाली तर पहिली माझी लिहून घ्यावी.

यंदाच्या फाल्गुनात आमच्या गल्लीतल्या एका आजींना आम्ही असे नेले. त्या घरून निघताना कुरकुरत होत्या. खिंडीत उतरल्या, पदर सावरला आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "फुललाय गो."

माझे बोलणे संपले. पन्हे गाळून ठेवले आहे, ते घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.